आजीच्या चिठ्ठीतलं गाव

काय दोस्तांनो, वार्षिक परीक्षा तोंडावर आली ना? अभ्यास कुठवर आला ते मी विचारणार नाही. घरी सगळे तेच विचारत असतील! आपण आज गप्पा मारू या सुट्टीच्या. आणि तीही साधीसुधी सुट्टी नाही बरं का, थेट परदेशातली.

थांबा, थांबा. "आमची कुठली एवढी ऐपत!" असं म्हणून लगेच पान उलटू नका. ज्या घराची गोष्ट सांगतेय, ते काही बंगलेवाल्यांचं घर नाही. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर आहे ते. म्हणजे आमचंच! पोस्टातली आवर्ती ठेव आणि माझी भिशी यांच्या जोरावर पाच-सहा वर्षांतून एकदा काहीतरी जमतं. घरात माणसं पाच. आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं पंच्याहत्तर. बाबा. मी. आणि दोन मुलं. त्यांची नावं इथे छापलेली त्यांना चालत नाहीत ("आई, वर्गात सगळे चिडवतात!"), म्हणून आपण एकीला नववी म्हणू आणि दुसऱ्याला पाचवी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीबरोबर सिंगापूरला गेलो होतो. पाच दिवस. पहाटे सहाला उठायचं, साडेसातला बस, दुपारपर्यंत तीन ठिकाणं, संध्याकाळी आणखी दोन. मुलं खूश होती. १९९२ पासून जिथे च्युइंगगम विकायला बंदी आहे असा देश असतो, हे पाचवीला (तेव्हा तो अगदी लहान होता) फारच भयंकर वाटलं होतं. पण आजीचे गुडघे! पहिल्या दिवशी ती सगळ्यांबरोबर चालली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत." तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. नाइट सफारीला तेवढी ट्राम होती, ती आजीने मनापासून पाहिली. बाकी सगळं सिंगापूर काचेतून.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशी झाली ट्रिप?" आजी म्हणाली, "छान! बस फार छान होती हो."

काकू हसल्या. आम्ही कुणीच हसलो नाही.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी माणसं बघायची, मग देश. पाचवीने तर कच्च्या वहीत प्रवाशांच्या जातीच पाडल्या. "धावरे" म्हणजे तो स्वतः. "बसरे" म्हणजे आजी. "वाचरे" म्हणजे बाबा, कारण ते म्युझियममधली एकेक पाटी वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. नववी "झोपरी". आणि मी? "मोजरी"! पैसे मोजते, बॅगा मोजते, डोकी मोजते. मला राग आला, पण खरं होतं.

तसं पाहिलं तर ही अडचण काही आजची नाही. माणसांना गोळा करून सहलीला न्यायचा धंदा ज्याने पहिल्यांदा जमवला, त्या इंग्लंडच्या थॉमस कुकची पहिली सहल ५ जुलै १८४१ ला निघाली. साधारण पाचशे माणसं, एक शिलिंग भाडं, लेस्टर ते लफबरो. अंतर किती असेल? अकरा मैल! म्हणजे आपण अंबरनाथहून लोकलने दिव्याला जावं, तेवढंच. तेव्हा सगळ्यांना एकच गाडी, एकच कार्यक्रम. पुढे हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की सगळी माणसं सारखी नसतात. आपल्या मुंबईत केसरी पाटील यांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी बायकांसाठी वेगळ्या सहली काढल्या, पुढे २०१३ मध्ये स्वतःची वीणा वर्ल्ड काढली. आज मराठी सहलवाल्यांकडे आजी-आजोबांच्या संथ सहली वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, असं सगळं मिळतं. पण आमची गोची बघा. आजीला आजींच्या सहलीत पाठवायचं आणि मुलांना मुलांच्या, मग आम्ही एकत्र कधी जायचं? नववी आता दहावीत जाणार. म्हणजे पुढची सुट्टी कोणाच्या तरी क्लासची, त्याच्या पुढची ॲडमिशनची. एकत्र जायची हीच वेळ होती.

मग एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, प्रत्येकाला दोन-दोन चिठ्ठ्या दिल्या. एकीवर लिहायचं, "मला काय हवंय." दुसरीवर, "मला काय अजिबात सहन होत नाही." (ही दुसरी चिठ्ठी नववीची आयडिया. मला वाटतं, पहिलीपेक्षा तीच जास्त कामाची ठरली.)

पाचवी: हवं, खरंखुरं जहाज किंवा तोफ. नको, कपड्यांची दुकानं.

नववी: हवं, दोन तास एकटीला. नको, पहाटे उठवणं.

बाबा: हवं, घाई न करता एक म्युझियम. नको, जेवायला उशीर. (त्यांना डायबेटिस आहे. एकदा दीड वाजून गेला की ते आधी गप्प होतात आणि मग चिडतात.)

मी: हवं, आठ दिवस पोळ्या न लाटणं. नको, रोज नवं हॉटेल आणि रोज बॅगा भरणं.

आजी म्हणाली, "मला सगळं चालतं." पाचवी ऐकेना. "आजी, चीटिंग नाही! तू पण लिही." मग तिने चष्मा लावला, बराच वेळ घेतला आणि घडी घालून चिठ्ठ्या दिल्या. "सहन होत नाही"वर लिहिलं होतं, "माझ्यासाठी कुणी थांबून राहिलं की कसंतरी होतं."

आम्ही समजत होतो, प्रश्न गुडघ्यांचा आहे.

आणि "हवं"च्या चिठ्ठीवर फक्त तीन शब्द होते, "काड्यापेटीचं गाव बघायचंय."

मुलांना काही कळेना. तुम्हालाही कळलं नसेल. सांगते. अंबरनाथमध्ये विमकोचा काड्यापेट्यांचा मोठा कारखाना होता. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. १९२३ साली स्वीडनच्या कंपनीने ती आपल्या देशात सुरू केली. पुढे ती आयटीसीकडे गेली आणि आता ते नाव फक्त जुन्या अंबरनाथकरांच्या तोंडी राहिलंय. आमचे आजोबा विमकोत होते, थेट निवृत्त होईपर्यंत. यंत्रांवरची स्वीडनची नावं वाचून ते घरी येऊन सांगायचे, "हे सगळं जिथून आलं ना, ते गाव एकदा बघायला पाहिजे." सांगता सांगता राहून गेलं. आजोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"पण ते गाव कुठलं, आजी?"

आजीला नाव नीट म्हणता येईना. बाबांनी शोधलं. यॉनशॉपिंग!

"शॉपिंग?" नववी ताडकन उठून बसली.

नाही, तसलं शॉपिंग नाही. स्वीडनच्या दक्षिण भागात व्हेटर्न नावाचं प्रचंड तळं आहे, त्या देशातलं दोन नंबरचं. त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव आहे. घरात काडेपेटी असेल तर (मोठ्यांच्या देखत!) जरा बघा. तिच्यातली काडी भिंतीवर घासून पेटत नाही, पेटीच्या बाजूच्या पट्टीवरच पेटते. पूर्वी असं नव्हतं. काडीच्या टोकालाच पांढरा फॉस्फरस असायचा. कुठेही घासलं की भडका, आणि तो फॉस्फरस इतका विषारी की कारखान्यातल्या कामगारांची जबड्याची हाडं सडत. १८४४ मध्ये गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश शास्त्रज्ञाने यातून वाट काढली. काडीच्या टोकाला एक मसाला आणि पेटीच्या बाजूला लाल फॉस्फरस, असं दोघांना वेगळं केलं. दोघं भेटल्याशिवाय आग नाही! लुंडस्ट्रॉम नावाच्या दोन भावांनी यॉनशॉपिंगमध्ये या काड्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना पदकही मिळालं. तिथल्या १८४८ च्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आता काड्यापेट्यांचं म्युझियम आहे.

म्युझियम हा शब्द ऐकून बाबांचे डोळे चमकले, हे वेगळं सांगायला नको.

पण खरी गंमत पुढे झाली. स्वीडन म्हणजे आजीच्या एकटीचं होणार, बाकीच्यांनी तिच्याखातर जायचं, असं मला वाटलं होतं. (आणि तेच तर तिला नको होतं!) मग एकेक सापडायला लागलं. राजधानी स्टॉकहोममध्ये व्हासा नावाचं युद्धनौकेचं म्युझियम आहे. १० ऑगस्ट १६२८ ला हे जहाज पहिल्याच सफरीला निघालं आणि बंदरातच, दीड किलोमीटरही न जाता, बुडालं! तोफांचं आणि वरच्या मजल्यांचं वजन जास्त आणि बूड अरुंद. ३३३ वर्षं ते पाण्याखाली होतं. १९६१ मध्ये वर काढलं, तर लाकूड जवळजवळ शाबूत. पाचवीला जहाज हवं होतं आणि तोफ हवी होती. दोन्ही एकाच छपराखाली, आणि वर १८ वर्षांपर्यंत तिकीट नाही. मोजरीही खूश! शिवाय माइनक्राफ्ट हा खेळ स्टॉकहोममध्येच जन्मला, २००९ साली. मात्र त्यांचं ऑफिस असं जाऊन बघता येत नाही, हे कळल्यावर पाचवीचं तोंड एवढंसं झालं. नववीला तिथली मेट्रो आवडली. नव्वदहून जास्त स्टेशनांत भिंतींवर, छतांवर चित्रं आणि शिल्पं आहेत. नुसतं एका तिकिटावर फिरत राहिलं तरी चित्रांचं प्रदर्शन पाहून होतं. (आपल्या अंबरनाथ स्टेशनच्या भिंती डोळ्यांसमोर आल्या. जाऊ दे.)

अडचण एकच, आणि ती मोठी. स्वीडन महाग. एका क्रोनाला आपले आठ ते दहा रुपये पडतात. साधं चहा-बिस्किट म्हटलं तरी छातीत धस्स होतं. मी वही घेऊन बसले आणि दिवस दहाचे आठ केले. हॉटेलं दोनच ठेवली, स्टॉकहोमला पाच रात्री, यॉनशॉपिंगला तीन. दोन्हीकडे लिफ्ट आणि दोन्हीकडे छोटीशी स्वयंपाकाची सोय. म्हणजे माझी "पोळ्या नकोत"ची चिठ्ठी अर्धीच मंजूर झाली. पोळ्या नाही लाटणार, पण पिठलं-भात करीन म्हटलं. बाबा म्हणाले, "मी करीन." बघू.

आता चालायचं कसं, ते ऐका. हा भाग आजी-आजोबा घरी असलेल्या सगळ्यांनी नीट वाचा. "आजीला किती चालवतं?" असं विचारलं की ती म्हणायची, "चालीन मी." त्यावरून काहीच कळत नाही. मग पाचवी आणि मी एका संध्याकाळी तिच्याबरोबर घरापासून शिवमंदिरापर्यंत चालत गेलो, घड्याळ लावून. हे मंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. गेली साडेनऊशे वर्षं माणसं तिथे चालत येताहेत, त्यात आम्ही तिघं. बारा मिनिटं लागली. मग आजी दहा मिनिटं पायरीवर बसली आणि तितक्याच वेळात परत आली. झालं, आमचं माप ठरलं, "एक मंदिर"! तेव्हापासून सगळी अंतरं मंदिरात. हॉटेलपासून मेट्रो? अर्धं मंदिर, चालेल. मेट्रोपासून व्हासा? दीड मंदिर, चालणार नाही, मग बोटीने जायचं. जिथे एका मंदिराच्या आत बसायला बाक नाही, ते ठिकाण यादीतून बाद.

आणि दिवसाला मोठी गोष्ट एकच. सकाळी दहाला निघायचं (झोपरीचा विजय), एक वाजता जेवण (बाबांचा विजय, शिवाय त्यांच्या खिशात कायम खाकरा), आणि दुपारी दोन तुकड्या. व्हासा ज्या बेटावर आहे, त्याच बेटावर १८९१ पासूनचं स्कान्सेन आहे. तिथे जुनी घरं आणि शेतं आणून मांडलीत. धावरे तिकडे पळतील. बसऱ्यांनी बोटीतून बंदराची एक फेरी मारायची. नववीचे दोन तासही तिथेच. एकटीने, पण त्याच बेटावर, फोन चालू ठेवून आणि ठरल्या वेळी ठरल्या बाकापाशी. यावर आमची बरीच वादावादी झाली. ती सगळी इथे छापायची परवानगी मला नाही.

बसऱ्यांच्या तुकडीत कोण जाणार, त्याच्या पाळ्या लावू या, असं बाबा म्हणाले. आजीचा चेहरा उतरला. पाळी म्हणजे पुन्हा "थांबणं"च की! मग मीच म्हटलं, "आई, खरं सांगू? मलाही बोटीत बसूनच राहायचंय. तुम्ही नसता तर मला कुणी बसू दिलं नसतं." हे अगदी खरं होतं. सिंगापूरला तिसऱ्या दिवशी माझेही पाय भरून आले होते, पण मी बोलले नव्हते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे. आजीच्या जुन्या पासपोर्टची मुदत संपत आलेली, म्हणून आधी ठाण्याला तो नवा केला. त्यावर तिची जन्मतारीख १ जून आहे. तुमच्याही आजी-आजोबांची विचारून बघा, पुष्कळांची १ जूनच निघेल! शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर बेलाशक १ जून लिहून मोकळे व्हायचे. स्वीडनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावात १९८५ मध्ये करार झाला, त्याचं नाव या व्हिसाला मिळालं. एका व्हिसावर युरोपातले बरेच देश चालतात. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा काढावा लागतो, आणि सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा आईबाबांनो, निघण्याआधी पुन्हा तपासा. बोटांचे ठसेही देतात. बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत, म्हणून पाचवी रुसला. आणि आजीचे काही केल्या उमटेनात! आयुष्यभर भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीने हात पुसून दिले, थोडं थांबून पुन्हा दाबायला लावलं, तेव्हा कुठे उमटले.

विमानाचं तिकीट काढतानाच आजीसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण आधी सांगावं लागतं. आधी ती नकोच म्हणत होती. "मी काय आजारी आहे?" पाचवी म्हणाला, "आजी, व्हीलचेअरवाल्यांना पुढे सोडतात. तुझ्यामुळे आमची पण रांग वाचेल!" मग लगेच तयार झाली. जेवणही आधी सांगायचं असतं, आणि इथे एक गंमत आहे, लक्षात ठेवा. "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात मांसाहारी जेवण येऊ शकतं. आजीसाठी "एशियन व्हेजिटेरियन" असं स्पष्ट सांगितलं.

खाऊचं मात्र फार दुःख झालं. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. ताज्या फळांनाही बहुतेक सरकारी दाखला लागतो. मे महिना आणि हापूस नाही! बाबा दोन दिवस उदास होते. आता भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि खाकरा एवढ्यावर भागवायचंय. मुलांची सोय तिथे आपोआप होईल. यॉनशॉपिंगपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर ग्रेना नावाचं गाव आहे. तिथे आमालिया एरिक्सन नावाची एक विधवा बाई होती. पदरात लहान मुलगी, कमाई काही नाही. १८५९ मध्ये तिने तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या कांड्या करून विकायला सुरुवात केली. अख्खं गाव आज त्या कांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आजीने तिची गोष्ट दोनदा सांगायला लावली.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मेच्या शेवटी स्टॉकहोमला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. आजी रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते. "मग मी दिवा लावायचा कधी? झोपताना?" पाचवीने उपाय सुचवला की आपल्या घड्याळाने लाव. तिथली घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे दुपारचे साडेतीन. आजी विचार करतेय.

गेल्या आठवड्यात पासपोर्ट व्हिसा लागून परत आले. त्या रात्री आजीने कपाट उघडलं आणि आतल्या डब्यातून एक जुनी काडेपेटी काढली. विमकोचीच, जहाज छाप. लेबलचे रंग थोडे उडालेत, पण जहाज स्पष्ट दिसतं. आजोबांनी घरी आणलेली, कधी न वापरलेली. ती तिला म्युझियममध्ये न्यायचीय. तिथे असलं लेबल आहे का, ते बघायचंय.

"आई, विमानाच्या सामानात काडेपेटी ठेवू देत नाहीत," बाबा म्हणाले.

आजी काही बोलली नाही. पेटी उघडली, काड्या मोजल्या (एकोणचाळीस निघाल्या), कागदात गुंडाळून देवघराच्या खणात ठेवल्या. रिकामी पेटी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

मी आल्यावर सांगेनच त्या लेबलचं काय झालं ते.

तुमची,
मोजरी